गप्पीच्या पोटातला लाल दोरा

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. छापताना थोडं आवरलं आहे.)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा एकच अट घातली होती. "दहा मिनिटं बोल, कशावरही बोल, फक्त नोकरीबद्दल बोलू नकोस." अट रास्त आहे. तीस वर्षांनी भेटल्यावर कुणाच्या कंपनीत काय चाललंय हे ऐकायला कोण येतं? मी म्हटलं, "मग मी माशांच्या पोटातल्या जंतांवर बोलते." तिकडे बराच वेळ शांतता. मग विचारलं, "जेवणाआधी बोलणार की जेवणानंतर?"

तर हे जेवणानंतरचं सत्र आहे आणि आजच्या जेवणात मासे नव्हते, याची मी खात्री करून घेतली आहे.

तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे की मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. जीवशास्त्राशी माझा संबंध बारावीला सुटला. खरं तर नववीतच सुटला होता, ते पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या बाईंना माहीत आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते कुणा तज्ज्ञाचं भाषण नाही. माझ्या हातून घडलेल्या एका चुकीची ही हकिगत आहे. ती या व्यासपीठावरूनच का सांगायची, ते शेवटी कळेल.

दोन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टापायी घरात काचेची टाकी आली. दुकानदाराने सांगितलं, "गप्पी घ्या, नवशिक्यांना तेच बरे." आम्ही चौदा गप्पी घेतले. गप्पी हा मासा तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. आपल्या लहानपणी भिंतीवर 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' असं लिहिलेलं असायचं, तोच हा. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला आणि त्रिनिदाद बेटावरचा मूळ रहिवासी. त्रिनिदादमधून रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थांनी तो लंडनच्या संग्रहालयाकडे पाठवला, म्हणून हे नाव पडलं. डासांच्या अळ्या खातो म्हणून जगभर नेला गेला, आणि नरांच्या शेपट्या रंगीत असतात म्हणून घराघरांत गेला.

महिनाभर सगळं छान चाललं. मग एका मादीच्या मागच्या बाजूला, जिथून विष्ठा बाहेर पडते तिथे, लाल दोऱ्याची दोन-तीन टोकं दिसायला लागली. मासा हलला की ती आत जायची, स्थिर झाला की पुन्हा बाहेर यायची. लेक म्हणाली, "आई, तिला काहीतरी अडकलंय." मलाही तसंच वाटलं.

पुढचे तीन आठवडे मी काय केलं ते ऐका. आधी दुकानदाराने दिलेलं जीवाणूंवरचं औषध टाकलं. पाणी पिवळं झालं, दोरे तसेच. मग कुणीतरी सांगितलं की हे जंत आहेत, जंतांचं औषध टाका. मी जंतांचं औषध आणून टाकलं. तरीही दोरे तसेच, उलट आता आणखी तीन माशांना. पुढे कळलं की मी आणलेलं औषध, प्राझिक्वान्टेल, हे चपट्या कृमींवर चालतं. आणि माझ्या माशांच्या पोटात होते गोलकृमी.

बाई, तुम्ही नववीत फळ्यावर दोन रकाने आखले होते. डावीकडे चपटकृमी, उजवीकडे गोलकृमी. चपटकृमी फितीसारखे, त्यांना देहगुहा नाही. गोलकृमी दंडगोल, त्यांना आभासी देहगुहा. चपटकृमी बहुतेक उभयलिंगी, गोलकृमी एकलिंगी. त्या फरकावर चाचणीत दोन गुण होते आणि मी ते घालवले होते. तेव्हा वाटलं होतं, या दोन गुणांनी काय बिघडतं. चार मासे मेले, बाई.

तोवर लेक रडकुंडीला आली होती. टाकीत दहा मासे उरले होते. चार आजारी दिसत होते, सहा अगदी ठणठणीत. "आई, यांना तरी वाचवू या ना," म्हणाली. आमच्या सोसायटीच्या मागे ओढा आहे, पुढे तो नदीला मिळतो. एका रविवारी सकाळी आम्ही दोघी ते सहा मासे एका डब्यात घेऊन गेलो आणि ओढ्यात सोडून आलो. लेकीने त्यांना टाटा केला. मलाही बरं वाटलं. आपण काहीतरी दयेचं काम केलं असं वाटलं.

त्यानंतर आठवड्याभरात गौरी-गणपतीसाठी मी इकडे गावी आले. येताना बरणीत पाणी भरून एक आजारी मादी घेऊन आले. कारण आपल्या वर्गातला, तिसऱ्या बाकावर बसून डबा आधीच संपवणारा मुलगा आता इथे गुरांचा डॉक्टर आहे. त्याच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आहे हे मला माहीत होतं. बरणी पाहून तो आधी हसला. म्हणाला, "म्हशी येतात, शेळ्या येतात, कुत्री येतात. मासा पहिल्यांदाच पायरी चढला." मग त्याने नीट पाहिलं आणि मला एकच प्रश्न विचारला, "बाकीचे कुठे आहेत?"

मी म्हटलं, "चार मेले, तीन घरी आहेत, आणि जे चांगले होते ते सहा ओढ्यात सोडले."

तो काही बोलला नाही. मादी जगण्यातली नव्हती. त्याने लवंगेच्या तेलाच्या पाण्यात तिला शांत केलं, तिचं आतडं उघडलं, त्यातला एक लाल दोरा काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवला आणि मला म्हणाला, "ये, बघ."

त्या जंताचं नाव कॅमॅलॅनस कॉटी. मूळचा पूर्व आशियातला. फुजिता नावाच्या जपानी संशोधकाने १९२७ साली त्याचं वर्णन केलं. आता गप्पीबरोबर आणि इतर शोभेच्या माशांबरोबर तो जगभर पोहोचला आहे. मादी साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास असते, नर तिच्याहून बराच लहान. माशाच्या मागून जे लाल दोरे डोकावतात त्या पूर्ण वाढलेल्या माद्या.

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा नजर गेली ती तोंडाकडे. शरीर फिकट लालसर आणि पारदर्शक, पण टोकाला नारिंगी-तपकिरी रंगाची एक टणक वाटी. नीट पाहिलं तर वाटी नव्हे, शिंपल्याची दोन झाकणं समोरासमोर लावावीत तशी दोन कवचं होती. त्यांच्या आतल्या बाजूने पुढून मागे जाणाऱ्या रेघांसारख्या उभ्या कडा. आणि दोन झाकणांच्या सांध्याशी, वरच्या व खालच्या अंगाला, एकेक तीन दातांचा छोटा दांडा. डॉक्टर म्हणाला, "पुस्तकात याला त्रिशूळच म्हणतात." या दोन झाकणांत तो माशाच्या आतड्याचं अस्तर पकडतो आणि तिथेच लटकून राहतो. रक्त पितो, म्हणून लाल दिसतो. माशाच्या हालचालीने, विष्ठेच्या रेट्याने तो सुटत नाही, कारण तो चिकटलेला नसतो, चावा घेऊन बसलेला असतो.

तोंडामागे अन्ननलिका. तिचे दोन भाग स्पष्ट दिसतात. पुढचा स्नायूंचा, जो पंपासारखं ओढतो. मागचा ग्रंथींचा, जो पाचकरस सोडतो. अन्ननलिकेच्या पुढच्या भागाभोवती चेतातंतूंचं एक कडं असतं. मेंदू म्हणायचा तर तोच. पुढे सरळ नळीसारखं आतडं. हृदय नाही, रक्तवाहिन्या नाहीत, श्वासाचं वेगळं इंद्रिय नाही. बाहेरून चिवट कातडं, त्याच्या आत फक्त लांबीच्या दिशेने जाणारे स्नायू. गांडुळाला उभे आणि गोल असे दोन्ही स्नायू असतात, म्हणून ते लांब-आखूड होत सरकतं. याला गोल स्नायूच नाहीत. त्यामुळे त्याला वळवळण्याशिवाय दुसरी चाल येत नाही.

आणि उरलेलं सगळं शरीर म्हणजे गर्भाशय. इथे डॉक्टरने भिंग बदललं. मादीच्या अंगात मला अंडी दिसतील असं वाटलं होतं. अंडी नव्हती. तोंडापासून शेपटीपर्यंत शेकडो बारीक अळ्या एकमेकींत गुंतून हलत होत्या. अंडी पोटातच फुटतात आणि मादी जिवंत अळ्यांना जन्म देते. काचपट्टीवर मादीचं शरीर एका जागी फाटलं होतं, तिथून त्या भराभर पाण्यात येत होत्या. पाण्यात येऊन एका जागीच तडफडत राहायच्या.

मी डोळा वर केला तेव्हा डॉक्टर म्हणाला, "आता सांग, ते सहा चांगले होते हे तुला कसं कळलं?"

बाहेर दोरा दिसतो तो मादी पूर्ण वाढल्यावर. त्याआधी कितीतरी दिवस जंत आत असतो आणि मासा खातो, पितो, पोहतो, शेपटी फुलवतो. एकाच टाकीतल्या चौदांपैकी आठांना असेल आणि सहांना नसेल, असं समजायला माझ्याकडे काहीच आधार नव्हता. ठणठणीत दिसणं हा पुरावा नव्हता. माझ्या धंद्यात कुणी कनिष्ठ सहकारी म्हणाला असता की, 'प्रोग्रॅम बंद पडला नाही, म्हणजे त्यात चूक नाही', तर मी त्याला परत पाठवलं असतं.

या जंताचं पुढचं आयुष्य समजल्याशिवाय माझ्या चुकीचा आकार समजणार नाही, म्हणून ते थोडक्यात सांगते. आपल्या पुस्तकात एक सुंदर शब्द होता, पोशिंदा. आपण शेतकऱ्याला पोशिंदा म्हणतो, जीवशास्त्रात परजीवी ज्याच्या जिवावर जगतो त्याला पोशिंदा म्हणतात. या जंताला दोन पोशिंदे लागतात. एक मासा, आणि दुसरा सायक्लॉप्स.

सायक्लॉप्स म्हणजे साठलेल्या पाण्यात दिसणारा, साधारण एक मिलिमीटरचा, कोळंबीच्या दूरच्या नात्यातला प्राणी. कपाळावर एकच डोळा, म्हणून ग्रीक कथेतल्या एकाक्ष राक्षसाचं नाव. विहिरीच्या पाण्याचा ग्लास उजेडात धरला तर झटके देत जाणारे पांढरे ठिपके दिसतात, त्यांत हा असतो. माशाच्या विष्ठेबरोबर बाहेर पडलेली अळी तळाशी तडफडत राहते. त्या तडफडीने सायक्लॉप्सचं लक्ष जातं. त्याला वाटतं खाणं आलं. तो ती गिळतो. आत गेल्यावर अळी त्याच्या आतड्याची भिंत भेदून शरीराच्या पोकळीत शिरते, दोनदा कात टाकते आणि तिसऱ्या अवस्थेत जाऊन थांबते. इथून पुढे ती सायक्लॉप्समध्ये कितीही दिवस राहिली तरी वाढत नाही. तिला मासाच लागतो. माशाने तो सायक्लॉप्स खाल्ला की माशाच्या आतड्यात ती आणखी दोनदा कात टाकते आणि प्रौढ होते. मग त्याच तोंडाने चावा, तेच रक्त, त्याच अळ्या.

अंतिम पोशिंदा कोण याबाबत हा जंत अजिबात चोखंदळ नाही. काही जंतांना ठराविक जातीचाच मासा लागतो. याला गप्पी चालतो, मॉली चालतो, प्लॅटी चालतो, फायटर चालतो, आणि त्यांच्याशी काहीही नातं नसलेले नदीतले मासेही चालतात.

मला वाटलं, ठीक आहे, माझ्या टाकीत सायक्लॉप्स कुठे आहेत? साखळीतली मधली कडी नाही, तर रोग थांबायला हवा होता. याचंही उत्तर आहे. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठातल्या आर्ने लेव्हसेन आणि पेर याकोबसेन यांनी २००२ साली दाखवलं की, सायक्लॉप्ससारखा मध्यस्थ नसलेल्या टाकीत हा जंत एका माशाकडून दुसऱ्या माशाकडे थेटही जाऊ शकतो. मध्यस्थ मिळाला तर मध्यस्थामार्फत, नाही मिळाला तर त्याच्याशिवाय. मुख्य मार्ग बंद पडला तर दुसरा मार्ग तयार ठेवणारी यंत्रणा आम्ही पगार घेऊन लिहितो. इथे चेतातंतूंच्या एका कड्यावर चालणाऱ्या प्राण्याने ती चालवून दाखवली होती.

घरच्या तीन माशांसाठी डॉक्टरने शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांवरचं एक औषध, लेव्हामिसोल, अगदी मोजून दिलं. ते काय करतं हे समजल्यावर मला ते शरीररचनेचं सगळं पुराण उपयोगी पडलं. लेव्हामिसोल जंताला जाळत नाही, त्याचे स्नायू आखडवून ठेवतं. स्नायू आखडले की चावा सुटतो आणि मासा त्याला बाहेर टाकतो. पण बाहेर पडलेल्या मादीच्या पोटात अळ्या असतातच. म्हणून लगेच तळ उपसून पाणी बदलायचं, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तेच सगळं करायचं, कारण पहिल्या वेळी सुटलेले पिल्लू जंत तोवर मोठे होतात. मी ते सगळं केलं. तीनपैकी दोन मासे जगले. त्यातला निळ्या शेपटीचा नर अजून आहे.

पण ते सहा?

पुण्याला परतल्यावर मी वाचत बसले आणि हवाई बेटांची गोष्ट सापडली. त्या बेटांवरच्या ओढ्यांत मूळचे मासे फक्त पाच जातींचे. तिथले लोक त्यांना ओओपू म्हणतात. ही बेटं समुद्राच्या मधोमध वर आलेली, त्यामुळे गोड्या पाण्यातला मासा तिथे चालत जाऊ शकत नाही. हे मासे समुद्रातून आलेल्यांचे वंशज. अजूनही त्यांची पिल्लं अंड्यातून निघाली की प्रवाहाबरोबर समुद्रात जातात आणि वाढून पुन्हा ओढ्यात येतात. काही जाती पोटाखालच्या परांच्या चकतीने खडकाला चिकटून धबधबे चढतात. अशा माशांपर्यंत गोड्या पाण्यातला जंत पोहोचणार कसा? हजारो वर्षं तो पोहोचला नव्हता.

मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत डास मारायला तिथे बाहेरून मासे आणून सोडले. त्यांत गप्पीही होते. १९९० च्या दशकात विल्यम फॉन्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या मूळ माशांची आतडी तपासली, तर त्यांत कॅमॅलॅनस कॉटी सापडला. संशोधकांचा निष्कर्ष असा की बाहेरून सोडलेल्या माशांबरोबरच तो आला. धबधबा चढून जाणाऱ्या माशाच्या पोटात, कुणीतरी चांगल्या हेतूने सोडलेल्या माशाचा जंत.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी जाळी घेऊन ओढ्यावर गेले. पुलाखालच्या डबक्यात गप्पी होते, पण सहा नव्हते, शेकडो होते. कुणी कधीतरी डासांसाठी सोडलेले, कुणी माझ्यासारखे दयेने सोडलेले. त्यांतले माझे कोणते हे सांगता येणं शक्य नव्हतं. माझ्याच माशांनी तिथे काही नेलं, की ते आधीपासूनच होतं, की काहीच झालं नाही, हे मला कधी कळणार नाही. लेकीला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग आपण टाटा कशाला केला?" याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता हे इथे का सांगते आहे, ते सांगते.

तुमच्यापैकी काहींना माझी आजी आठवत असेल. शाळेच्या फाटकाशी मला न्यायला यायची, थोडी लंगडत. तिच्या घोट्याजवळ एक वळी पडलेला वण होता. लहानपणी तिला नारू झाला होता. आपल्या पिढीतल्या फार थोड्यांनी नारू पाहिला असेल. हातभर लांब पांढरा जंत पायातून फोड फोडून बाहेर येतो आणि काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढावा लागतो. आजी सांगायची, "तुटला तर मेलीस म्हणून समज, असं आई म्हणायची." ती मेली नाही, पण पाय कायमचा अधू झाला.

आजी पुण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली तेव्हाही नळाला जुन्या लुगड्याचं दुहेरी फडकं बांधायची. मी हसायचे. "आजी, पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे ना!" ती फडकं सोडायची नाही.

त्या सूक्ष्मदर्शकातून उठल्यावर डॉक्टर सहज म्हणाला, "हा तुझ्या आजीच्या नारूचा नातेवाईक आहे, बरं का." खरं आहे. नारू माणसाचा, हा माशाचा, पण दोघांचं घराणं जवळचं. मादी जिवंत अळ्या पाण्यात सोडते हे दोघांचं सारखं, आणि मध्यस्थ पोशिंदाही दोघांचा तोच, सायक्लॉप्स. नारूचा रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जखमेतून अळ्या पाण्यात जायच्या, सायक्लॉप्स त्या गिळायचे, आणि दुसरं कुणी ते पाणी प्यायलं की वर्षभराने त्याच्या पायातून जंत बाहेर यायचा.

नारूवर ना लस होती, ना जंत मारणारं औषध. तरी तो आपल्या देशातून गेला. कसा? मधली कडी तोडून. एक मिलिमीटरचा सायक्लॉप्स दुहेरी फडक्यातून जात नाही. पायऱ्यांच्या विहिरी बुजवल्या किंवा त्यांना कठडे बांधून रहाट बसवले, म्हणजे रोग्याचा पाय पाण्याला लागणार नाही. काही ठिकाणी पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं. गावोगाव आरोग्यसेवक घरोघर विचारत फिरले. १९८३-८४ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रासह सात राज्यांत हा रोग होता. देशातला शेवटचा रोगी राजस्थानात जुलै १९९६ मध्ये नोंदला गेला, म्हणजे आपला दहावीचा निकाल लागून थोडेच दिवस झाले होते. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला.

आपण अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत उभे होतो तेव्हा शेकडो वर्षांचा एक रोग या देशातून निघून जात होता आणि आपल्याला पत्ताही नव्हता. आजीला सायक्लॉप्स हा शब्द माहीत नव्हता. पण साखळी कुठे तोडायची हे तिच्या हातांना माहीत होतं. मला पुस्तकातला शब्द माहीत होता, आणि मी तीच साखळी स्वतःच्या हाताने एका डब्यात घालून ओढ्यापर्यंत नेली.

आता मुद्द्यावर येते. आपल्या तुकडीने शाळेला भेट द्यायचं ठरवलं आहे की मागच्या आवारातला जुना हौद दुरुस्त करायचा, त्यात कमळं लावायची आणि डास होऊ नयेत म्हणून गप्पी सोडायचे. कल्पना चांगली आहे, तिला माझा विरोध नाही. बंद हौदात गप्पी डासांच्या अळ्या खातील, मुलांना बघायला मिळतील. पण माझी तीन मागणी आहेत.

पहिली, आणलेले मासे थेट हौदात टाकायचे नाहीत. महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवायचे. कुणाच्याही मागे लाल दोरा दिसला, किंवा मासा खाऊनही खंगत असला, तर आपल्या डॉक्टरांना बोलवायचं. त्यांनी फी घेणार नाही असं आत्ता मान डोलावून कबूल केलं आहे, ते सगळ्यांनी पाहिलं.

दुसरी, हौदाचं पाणी उपसताना ते मागच्या ओढ्यात सोडायचं नाही. झाडांच्या आळ्यात घालायचं. हौदातला मासा, जिवंत असो वा मेलेला, ओढ्यात, विहिरीत, तळ्यात जाता कामा नये. मुलं दयेने सोडतील. मीही दयेनेच सोडले होते.

तिसरी मागणी बाईंकडे आहे. तुम्ही निवृत्त झालात हे मला माहीत आहे. पण हौदाचं उद्घाटन होईल त्या दिवशी नववीच्या मुलांना एक तास घ्या. हौदातलं पाणी एका ग्लासात घ्या, उजेडात धरा आणि त्यांना तो एका डोळ्याचा पांढरा ठिपका दाखवा. आमच्या डॉक्टरांचा सूक्ष्मदर्शक मी आणून देते. आणि फळ्यावर ते दोन रकाने पुन्हा आखा. चपटकृमी डावीकडे, गोलकृमी उजवीकडे.

या वेळी मी मागच्या बाकावर बसेन आणि ते उतरवून घेईन. दोन गुणांसाठी.